घेणाऱ्याचं माप

सुताराच्या फुटपट्टीवर एका इंचाचे आठ भाग असतात आणि त्या प्रत्येक भागाला सूत म्हणतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. शाळेत सेंटिमीटर शिकलेल्या माणसाला हे सुरुवातीला अवघड वाटतं, पण लाकडाशी चार दिवस काढले की सूत डोळ्यांत बसतं. फळी एक सूत जास्त आली तर झाकण बसत नाही, एक सूत कमी आली तर सांधा खुळखुळतो. खिडकीबाहेर पाखरांसाठी एक लाकडी दाणापात्र करायचं मी मनावर घेतलं आणि माप या गोष्टीकडे आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका मिस्त्रींचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक जुना ठोकळा, भिंतीला टांगलेल्या करवती आणि पायांखाली रंध्याच्या छिलक्यांची गादी. मी कागदावर काढलेलं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे झालं बाहेरचं माप. आत कोण बसणार ते सांगा."

"चिमण्या. आले तर बुलबुल."

"मग चिमणीपासून सुरू करा आणि बाहेर या. कपाट करायचं असलं तरी आम्ही आधी विचारतो, साड्या ठेवायच्या का वह्या-पुस्तकं. कपाट त्यावर ठरतं."

मिस्त्रीकाकांचं हे बोलणं मी मनात जपून ठेवलं आहे. कोणाला काही द्यायचं असलं की आपण बहुधा आपल्या बाजूने मोजायला लागतो. आपल्याकडे किती उरलंय, आपल्याला काय शोभेल, आपल्या दारात काय छान दिसेल. सुताराचा धंदा माणसाला उलट्या दिशेने मोजायला शिकवतो.

तर चिमणी. चोचीपासून शेपटापर्यंत सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम सहा इंच. वजन २५ ते ३० ग्रॅम, दोन मोठे चमचे साखरेएवढं. ती एकटी फारशी जेवत नाही. चार-पाच जणींचा घोळका येतो, एकीने दाणा टिपला की दुसरीला धीर येतो. टिपताना तिला आजूबाजूचं आणि वरचं आकाश दिसावं लागतं, कारण शिक्रा तिथूनच येतो. एवढं कळलं की पात्राचा आकार जवळजवळ आपोआप ठरतो. तळाची फळी १२ इंच लांब आणि ७ इंच रुंद, जाडी सहा सूत. भोवती इंचभर उंचीची कड, म्हणजे वाऱ्याने दाणे उडत नाहीत आणि चिमणीला कडेवर बसून आधी पाहणीही करता येते. खिडकीच्या बाजूचे दोन खांब ९ इंची, बाहेरच्या बाजूचे साडेसात इंची. त्या दीड इंचाच्या फरकाने छपराला उतार मिळतो आणि पावसाचं पाणी घराकडे न येता बाहेर जातं. छप्पर मात्र तळापेक्षा चांगलं ऐसपैस हवं, १५ बाय ११. आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही. तो तिरका येतो, आणि जुन्या कौलारू घरांच्या पागोळ्या भिंतीपासून लांब का पडत, ते असं काही करायला घेतलं की समजतं.

लाकूड आणायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जावं. पुण्यात इतक्या गोष्टी एकाच वेळी नाकाला कळतील अशा जागा फार उरलेल्या नाहीत. सागाचा चामड्यासारखा तेलकट वास, देवदाराचा औषधी वास, नुकत्या चिरलेल्या ओल्या लाकडाचा आंबूस वास. साग उत्तम, त्याच्या अंगच्या तेलामुळे पाऊस आणि वाळवी दोन्ही लांब राहतात; पण एवढ्याशा कामाला अखंड फळी घ्यायची गरज नाही, दारं-खिडक्या करून उरलेले तुकडे मिळतात. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण त्याला भुंगा लवकर लागतो. प्लायवूड या कामाला नको. एक पावसाळा गेला की त्याचे पापुद्रे सुटतात, आणि ते चिकटवायला जी रसायनं वापरतात त्यांच्यावर दाणे पसरावेत असं मला वाटत नाही.

मी निवडलं ते खोक्याचं पाइनचं लाकूड. परदेशातून यंत्रं येतात ती अशा खोक्यांतून येतात. खोकी फोडली की फळ्या बाजारात विकायला येतात. हलकं, फिकट, हाताला मऊ आणि करवतीला सोपं लाकूड. मात्र घेताना त्यावरचा शिक्का वाचावा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे अशा लाकडावर ओंबीचं चिन्ह असतं आणि शेजारी प्रक्रिया सांगणारी दोन अक्षरं. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं असतं, त्या प्रक्रियेत विषारी रसायन नसतं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ते तिथेच ठेवावं. कुठल्याशा थंड मुलखातलं झाड, एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून भट्टीतून काढलेलं, समुद्र ओलांडून पुण्यात आलेलं, आणि आता त्यावर आपल्या बाजरीचे दाणे पडणार. पाखरांसाठी काही करायचं तर नव्या झाडाला करवत लागू नये, या विचाराने मला ती जुनी फळी अधिकच आवडली.

लाकूड कापलं तरी त्याचा हवेशी व्यवहार चालू राहतो. पावसाळ्यात ते ओल पितं आणि फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. ते फुगतं आडव्या अंगाने. रेषांच्या दिशेने लांबीत नजरेला कळेलसा फरक पडत नाही. म्हणून दोन फळ्या शेजारी-शेजारी लावताना मध्ये एक सूत जागा सोडायची. घट्ट बसवल्या तर आषाढात त्या एकमेकींना रेटतात आणि मधली कुठलीतरी उचलली जाते. फळीची आडवी कापलेली टोकं तर सर्वांत तहानलेली असतात, कारण झाडाच्या मूळच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडतात. त्या टोकांना तेल जास्त पाजावं लागतं. कच्चं जवसाचं तेल, कापडाच्या बोळ्याने, पातळ, आणि दोन हातांच्या मध्ये भरपूर वेळ देऊन. आतल्या बाजूला रंग नको, वॉर्निश नको. तेलाचा बोळा मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. ती उलगडून दोरीवर वाळत घालायची.

कापण्याआधी गुण्या लावून रेघ मारायची आणि करवत रेघेच्या टाकाऊ अंगाला चालवायची, कारण करवतीच्या दात्यांचीही जाडी असते आणि तीही लाकूड खाते. पाइनच्या टोकाजवळ थेट खिळा ठोकला तर फळी चिरते. आधी बारीक भोक पाडून घ्यायचं आणि मग स्क्रू पिळायचा. स्क्रू स्टेनलेसचे किंवा पितळेचे. तळाला चार कोपऱ्यांत दोन-दोन सुतांची भोकं, पाणी निचरायला, आणि त्यावर स्टीलच्या मच्छरजाळीचा तुकडा, बाजरी गळू नये म्हणून. काचकागद आधी जाडा, मग बारीक, आणि नेहमी रेषांच्या दिशेने. शेवटच्या हाताला डोळे मिटून बोटं फिरवावीत. डोळ्यांना न दिसलेली कुसळं बोटांना सापडतात, आणि जिथे आपल्या बोटाला कुसळ लागेल तिथे पाखराच्या पायालाही लागेल.

मिस्त्रीकाकांचं गाव सातारा जिल्ह्यात. त्यांचे आजोबा गावचे सुतार, बारा बलुत्यांतले एक. नांगर, कुळव, पाभर, गाड्याची चाकं, घराचे वासे, पाळणे, सगळं त्यांच्या हातचं. आणि त्याचं बलुतं मिळायचं ते सुगीत, खळ्यावर, धान्याच्या रूपात. वर्षभर केलेल्या कामाचा हिशेब ज्वारीच्या राशीजवळ उभं राहून व्हायचा. काकांनी हे सांगताना हातातली पटाशी खाली ठेवली. "त्यातही वरखाली होतंच, ताई. कुणाचा हात मोठा, कुणाचा लहान. आजोबा म्हणायचे, घर किती खाणारं आहे ते बघून जो घालतो तो चांगला शेतकरी." त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती, मान खाली घालून वाट पाहणं होतं, ती गेली हे चांगलंच झालं. पण ज्या सुताराने पाभर केली त्याला तिच्यातून पेरलेल्या दाण्यातलाच वाटा मिळावा, हा व्यवहार मला विचार करायला लावतो. पाभरीचं चाडं पाहिलं आहे का? लाकडाचा वाडगा, तळाला भोकं, भोकांना जोडलेल्या नळ्या. चाड्यावर मूठ धरणारा माणूस बोटांच्या फटींतून दाणे सोडत चालतो, ना एकदम, ना थांबून. जमिनीला जेवढं पेलेल तेवढंच आणि तेवढ्याच अंतरावर. देण्याची ही चाल शेतकऱ्याच्या मुठीत मुरलेली असते.

आणि तोच शेतकरी कणसात दाणा भरला की मचाणावर चढून गोफण फिरवतो. पाखरं राखायला मुलं बसवतो, डबे वाजवतो. पाखरू आणि शेत यांचं नातं गोडीगुलाबीचं कधीच नव्हतं. तरीही मळणीनंतर खळ्यात सांडलेला शेवटचा दाणा वेचायला कोणी जात नसे. तो पाखरांचा आणि मुंग्यांचा. कोकणात नवान्न पौर्णिमेला दाराला नवं बांधतात. त्यात भाताच्या लोंब्या असतात, झेंडू असतो, आंब्याची पानं असतात, आणि त्या लोंब्यांवर चिमण्या आल्या तर घरातलं कोणी त्यांना हुसकत नाही. शेतात गोफण आणि दारात लोंबी, हे दोन्ही एकाच माणसाचे हात आहेत. यात मला विसंगती दिसत नाही. पोट भरायचं तर राखण करावी लागते, आणि पोट भरलं की वाटा काढावा लागतो.

संतचरित्रकार महिपतींनी तुकोबांची एक गोष्ट सांगितली आहे. तुकोबांना शेत राखायला बसवलं, तर त्यांनी पाखरांना हाकललंच नाही. भुकेली आहेत, खाऊ दे म्हणाले. मालक येऊन पाहतो तो कणसं मोकळी. प्रकरण पंचांपुढे गेलं. पण मळणी करून रास मोजली तेव्हा धान्य ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त भरलं. चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगतात. मला त्यातला चमत्काराच्या आधीचा भाग मोलाचा वाटतो. शेत आपलं नाही, शिक्षा होणार हे दिसतंय, आणि तरी समोरच्याची भूक आपल्या हिशेबाच्या वर ठेवणारा एक माणूस मचाणावर शांत बसून आहे.

शहरात आता ना खळं, ना मचाण. तरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत पुण्याच्या वाड्यांतल्या चिमण्यांना दाणापात्राची गरज नव्हती. धान्य वर्षाचं भरायचं, आणि ते अंगणात बसून निवडायचं, सुपाने पाखडायचं. प्रत्येक पाखडण्याला चार दाणे उडणार. वाण्याच्या दुकानापुढे पोती उघडी असायची, त्यांच्या काठांवरून दाणे सांडायचे. घरट्याला तर जागाच जागा: वाशांच्या खोबणी, कौलांच्या खालच्या फटी, भिंतीवर तिरक्या टांगलेल्या तसबिरींच्या मागे. घर म्हणून बांधलेल्या वास्तूत माणसाला नको असलेल्या, पण पाखराला पुरणाऱ्या कितीतरी फटी राहून जायच्या. आता सरकत्या खिडक्या, सपाट भिंती, फॉल्स सीलिंग. धान्य प्लास्टिकच्या पिशवीत, निवडून, दळून, बंद होऊन येतं. कोणी चिमण्यांच्या वाईटावर नव्हतं. घरं बंदिस्त आणि नीटनेटकी होत गेली, आणि त्या नीटनेटकेपणात त्यांचा वाटा निघून गेला.

पण चिमणी संपली असं मात्र म्हणू नये. २०२० साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला, देशभरातल्या हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून केलेला. त्यात दिसलं की देशात एकूण पाहता चिमण्यांची संख्या त्याआधीच्या पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर राहिली. घसरण आहे ती मोठ्या महानगरांत. मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे चिमण्या गेल्या, या सर्वतोमुखी झालेल्या समजुतीला भक्कम पुरावा नाही, हेही त्यात आहे. मला ही बातमी आधार देणारी वाटते. हाताबाहेर गेलेल्या गोष्टीपुढे माणूस हळहळून थांबतो. इथे मात्र करण्यासारखं काही उरलं आहे, आणि तेही आपल्याच शहरात, आपल्याच खिडकीत. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी हे फार आधी ओळखलं. त्यांच्या ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’च्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो, आणि साध्या लाकडी घरट्या-पात्रांचा प्रसार हा त्यांच्या कामाचा एक धागा आहे. ज्याला पक्षिशास्त्राचा गंध नाही अशा माणसालाही एक फळी आणि चार स्क्रू यांच्या आधारे या कामात उतरता येतं.

इथे कबुतरांचा विषय टाळता येत नाही. मुंबईत २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, प्रकरण न्यायालयात गेलं, रस्त्यावर माणसं उतरली. कबुतरांना दाणे घालणाऱ्यांच्या मनातली दया खरी असते, यात मला शंका नाही. आणि कबुतरांची विष्ठा-पिसं श्वासातून जाऊन फुप्फुसं निकामी होत गेलेल्या रुग्णाचा धापा टाकणारा श्वासही तितकाच खरा आहे. पोतंच्या पोतं ज्वारी एका चौकात रिकामी होते, तेव्हा घालणाऱ्याच्या ओंजळीचं माप असतं. त्या जागेला किती पाखरं पेलतील, शेजारच्या खिडकीतलं माणूस काय श्वासात घेईल, याचं माप त्यात नसतं. कबुतराला इमारतींचे सज्जे म्हणजे कड्याच्या कपारी. अन्न वाढलं की त्याची वीण वाढते, आणि लहान पाखरांची जागा जाते.

म्हणून माझ्या पात्राच्या तीन बाजूंना बांबूच्या उभ्या कामट्या आहेत, दोन-दोन इंचांच्या अंतराने. चिमणी त्यातून वाकायचीही तसदी न घेता आत येते. बुलबुल जरा अंग चोरून येतो. कबुतर चिमणीच्या दहापट वजनाचं. त्याची छाती दोन इंचांत मावत नाही. ते सज्ज्यावर बसून एका डोळ्याने आत पाहतं आणि उडून जातं. दाणेही मूठभरच घालते, सकाळी एकदा, संध्याकाळपर्यंत संपतील एवढेच. बाजरी, राळा, तांदळाची कणी. पाव नको, शेव-फरसाण नको, मिठाचं तर काहीच नको. शेजारी मातीची परळ, त्यात दोन बोटं पाणी. उन्हाळ्यात दाण्यापेक्षा परळीवर गर्दी जास्त.

पात्र खिडकीला लावायचं कुठे, यालाही शास्त्र आहे. काचेत आभाळाचं प्रतिबिंब दिसतं आणि पाखरू त्याला खरं आभाळ समजून वेगाने आदळतं. यावर उपाय असा की पात्र काचेपासून तीन फुटांच्या आत ठेवायचं किंवा मग खूप लांब. इतक्या जवळून उडालेल्या पाखराने चुकून काच गाठलीच, तरी त्याला इजा होण्याइतका वेग आलेला नसतो. आमच्या खिडकीला लोखंडी ग्रिल आहे. तिच्या आडव्या पट्टीला एल-पट्टीचे दोन ब्रॅकेट लावून त्यांवर पात्र टेकवलं. तळाखाली आणखी एक रुंद पातळ फळी बसवली आहे, टरफलं आणि विष्ठा झेलायला. खाली राहणाऱ्या काकूंची वाळत घालायची दोरी बरोबर त्याच रेषेत येते. पात्र लावण्याआधी मी त्यांना वर बोलावून सगळं दाखवलं. त्यांनी फळीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, ही अजून दोन बोटं पुढे घे. वारा आला की चादर इकडेच येते माझी." फळी दोन बोटं पुढे आली. घेणारा एकटा नसतो. आपल्या देण्याचा भार ज्याच्या अंगावर पडणार, त्याचंही माप घ्यावं लागतं.

नवी वस्तू चिमण्या लगेच जवळ करत नाहीत. त्या समोरच्या गुलमोहरावरून पाहत राहतात. पहिली आली ती खार, आणि तिने एक दाणा दोन्ही हातांत धरून असा तपासला की जणू भाव ठरवायचा आहे. मग एका सकाळी एक नर चिमणा कडेवर उतरला.

इतक्या जवळून चिमणी पाहणं हा वेगळाच अनुभव आहे. आपण तिला तपकिरी म्हणून सोडून देतो. नराची टोपी राखाडी असते, डोळ्यांमागून मानेकडे गडद बदामी पट्टा उतरतो, गाल मळकट पांढरे, आणि गळ्यापासून छातीवर काळा डाग. विणीच्या दिवसांत त्याची चोचही काळी होते. एरवी ती फिकट, शिंगाच्या रंगाची. मादीला तो डाग नाही, पण डोळ्यावर साईच्या रंगाची एक नाजूक भुवई आहे. आणि बाजरीचा दाणा ती गिळत नाही, सोलते. दाणा चोचीच्या कडेला घेते, जिभेने फिरवते, चोच तीन-चार वेळा झपझप मिटते, टरफलाचे दोन कण दोन्ही बाजूंना गळतात आणि आतला गर आत जातो. ही सगळी क्रिया डोळ्यांची पापणी लवायच्या आत होते. पाखराला हात नाहीत, पण त्या चोचीत हातांइतकं कसब आहे. ते पाहताना मला पटाशी धरलेले मिस्त्रीकाकांचे हात आठवतात.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचं सगळं आयुष्य अशाच एका जवळून पाहण्याने वळलं. मुंबईत लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला मुलगा ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त गेला. तिथल्या डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी ओळखली आणि संग्रहातली कपाटं उघडून त्याला एकेक पक्षी दाखवला. १९८५ साली आलेल्या आपल्या आत्मचरित्राचं नावही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरून ठेवलं, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. त्या काळात पाखरू जवळून पाहायचं तर बहुधा ते मेलेलंच हातात यायचं. आज आमच्या इमारतीतली शाळकरी पोरं खिडकीशी श्वास रोखून उभी राहतात, आणि चिमणी त्यांच्यापासून दोन हातांवर जिवंत, आपल्या जेवणात गर्क असते. हे मला या काळाचं भाग्य वाटतं. मिलार्ड यांच्यासारखा कपाट उघडून दाखवणारा मोठा माणूस प्रत्येक मुलाला भेटेल असं नाही. पण खिडकी उघडून दाखवणारी मावशी किंवा आजोबा भेटायला काही हरकत नाही.

पात्र टांगून काम संपत नाही, खरं तर तिथून ते सुरू होतं. ओल्या दाण्याला बुरशी लवकर धरते, आणि बुरशीचा दाणा पाखराच्या जिवावर येतो. एका पात्रावर अनेक पाखरं जेवतात, तेव्हा एकाचा रोग दुसऱ्याला लागायलाही तीच जागा होते. म्हणून आठवड्याला पात्र खाली काढायचं, कुंचल्याने खरवडायचं, कडकडीत पाण्याने धुवायचं आणि कोरडं होईपर्यंत उन्हात ठेवायचं. मुसळधार पावसाच्या दिवसांत दाणे घालायचेच नाहीत. गावाला जायचं झालं तर चार दिवस आधीपासून मूठ लहान करत आणायची.

आणि दाण्याने सगळं भागत नाही, ही गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. मोठी चिमणी दाण्यावर जगते, पण तिची पिल्लं जगतात किड्या-अळ्यांवर. अंड्यातून नुकत्या बाहेर आलेल्या जिवाला वाढीसाठी जे लागतं ते बाजरीत नाही. मी कितीही उत्तम पात्र केलं, कितीही वेळेवर भरलं, तरी भोवती अळ्या नसतील तर पिल्लं वाढणार नाहीत. घरटं लाकडाचं करता येतं. त्याचं भोक दहा सुतांचं, म्हणजे सव्वा इंचाचं ठेवलं की चिमणी आत जाते आणि साळुंकी बाहेर राहते. पण अळी कुठल्याही मिस्त्रीला घडवता येत नाही. ती येते कडीपत्त्यावर, लिंबावर, शेवग्यावर, न कापलेल्या गवतात, औषध न मारलेल्या कुंपणात.

आमच्या सोसायटीच्या सभेत कुंपणाच्या भिंतीलगतच्या मातीच्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक घालायचा विषय निघाला, तेव्हा मी उभी राहिले. तो पट्टा तीन फूट रुंद आहे. तिथे मेंदी, अडुळसा, कडीपत्ता आणि एखादं तुतीचं झाड लावू द्या, पानं कुरतडलेली दिसली तरी फवारणी करू नका, आणि धुळीत अंघोळ करायला चिमण्यांना एक कोपरा उघड्या मातीचा ठेवा, एवढंच मागितलं. खालच्या काकूंनी सर्वांत आधी हात वर केला. ठराव झाला, खड्डे येत्या ज्येष्ठात घ्यायचे आहेत आणि रोपांची जबाबदारी तीन घरांनी वाटून घेतली आहे.

पात्र करताना मी चिमणीची लांबी मोजली, तिच्या छातीची रुंदी मोजली, तिच्या पायाला टोचेल ते कुसळ घासून काढलं. त्या मोजण्यातूनच तिची भूक किती मोठी आहे आणि माझी फळी किती लहान, हे माझ्यापुढे आलं. दाणापात्र जरूर करावं. ज्याच्या घरात एक करवत आणि एक खिडकी आहे त्याने करावंच, मुलांना सोबत घेऊन करावं. आणि ते करता-करता आपल्या इमारतीभोवती एवढी माती, एवढी झुडपं, एवढ्या फटी राखाव्यात, की ज्या दिवशी आपली मूठ पोहोचणार नाही त्या दिवशीही पाखरांचं पोट आणि त्यांच्या पिल्लांचं पोट भरेल. घेणाऱ्याला आपल्यावाचून चालावं, एवढं देता आलं तर ते पुरेपूर मापाचं देणं.